ट्रेलरची डावी बाजू

माझी कुंदामावशी संशयी आहे, ही गोष्ट आमच्या घरात कुणी लपवत नाही. ती स्वतःसुद्धा नाही. तिची सगळी नोकरी ऑडिटमध्ये झाली आणि निवृत्तीनंतर ऑफिस सुटलं तरी नजर सुटली नाही. मुलुंडला त्यांच्या सोसायटीत एकदा पाण्याची टाकी साफ केल्याचं सेक्रेटरींनी जाहीर केलं, तर ही गुडघेदुखी विसरून गच्चीवर गेली, शिडी चढली आणि झाकण उघडून पाहिलं. टाकीत तळाला गाळ तसाच होता. त्या दिवसापासून सोसायटीत तिचा दरारा वाढला आणि तिचा स्वतःवरचा विश्वासही. विद्याधरकाका म्हणायचे, "तो गाळ सापडला नसता तर बरं झालं असतं. निदान आम्ही तरी सुखानं जगलो असतो."

तिच्या संशयाच्या यादीत सगळ्यात वर होता तिचा जावई, यज्ञेश. माझी मावसबहीण गंधाली हिनं त्याच्याशी स्वतःच्या पसंतीनं लग्न केलं. मुलगा हसतमुख, बोलायला गोड. शूटिंगसाठी बंगले शोधून देण्याचं काम करायचा. आज मढला, उद्या मनोरीला, परवा कुठेच नाही. मावशीच्या मते ज्या नोकरीत हजेरी लागत नाही ती नोकरी नव्हे. तो मढहून येताना ताजे बोंबील घेऊन यायचा, तर ही पिशवीत नाक घालून म्हणायची, "आजचेच आहेत ना?" त्याला ती कायम 'तुम्ही' म्हणायची. लोकांना वाटायचं, जावयाचा मान. खरं तर ते अंतर होतं.

जानेवारीतल्या एका दुपारी गंधाली आणि यज्ञेश स्कूटरवरून निघाले. गंधालीची ऐरोलीच्या कंपनीत दुपारची शिफ्ट होती. हायवेवरून ऐरोलीकडे डावीकडे वळायचा सिग्नल आहे, तिथे एक कंटेनर लादलेला ट्रेलर वळत होता. स्कूटर त्याच्या आणि फुटपाथच्या मधे सापडली. यज्ञेश फुटपाथवर फेकला गेला, त्याचं गळ्याजवळचं हाड मोडलं, खरचटलं. गंधाली ट्रेलरच्या बाजूला पडली. मागचं चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं.

पाय गुडघ्याखाली कापावा लागला. डोक्यालाही मार होता. शुद्धीवर आल्यावर तिला आदल्या रात्रीची भांडी आठवत होती, सकाळी अंथरुणातून उठल्याचंही पुसटसं आठवत होतं. पुढचं काहीच नाही. डॉक्टर म्हणाले, ते परत येईलच असं नाही.

पोलीस आले तेव्हा यज्ञेशनं जबाब दिला: गाडी मी चालवत होतो. ट्रेलर सावकाश होता, डावीकडे जागा दिसली, मी पुढे काढायला गेलो. चूक माझीपण आहे.

आम्हाला सगळ्यांना त्याचं वाईट वाटलं. मावशीला नाही वाटलं.

"गार्गी, ऐक," हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये ती मला म्हणाली. "मी आयुष्यभर माणसांचे खुलासे वाचले. जो न विचारता छोटी चूक कबूल करतो ना, त्यानं मोठी कुठेतरी दडवलेली असते."

"मावशी, त्याची बायको आत पडलीय."

"म्हणूनच. पुढे बसलेला खरचटून सुटतो आणि मागे बसलेलीचा पाय जातो? आणि हेल्मेट? घरात एकच हेल्मेट आहे. नर्सनं सामान दिलं त्यात ते गंधालीचं म्हणून दिलं. चालवणारा हेल्मेट न घालता मागचीला घालायला देतो? मुंबईत?"

मी यज्ञेशला तसं विचारलं. तो म्हणाला, "मीच दिलं तिला." आणि उठून गेला.

मावशीनं मनाशी ठरवून टाकलं की यज्ञेश गाडी चालवताना फोनवर बोलत होता आणि तेच लपवतोय. ती त्याच्यावर पाळत ठेवू लागली. पाळत म्हणजे काय, तर तो कॉरिडॉरमध्ये गेला की ही पाण्याची बाटली भरायला उठायची. असंच एकदा तिनं त्याला जिन्यापाशी पाहिलं. समोर एक पन्नाशीचा, जाडसर, खाकी शर्ट घातलेला माणूस उभा होता. त्याच्या ओठावर टाके होते. यज्ञेश त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता, आणि बोलता बोलता त्यानं चक्क हात जोडले. मोडलेल्या हाडामुळे त्याला एक हात नीट उचलता येत नव्हता, तरी जोडले.

"कोण होता तो?" मावशीनं विचारलं.

"कोण? तो होय. मेडिकलवाला."

मावशी सरळ खाली मेडिकलच्या दुकानात गेली. तिथे दोन पोरं होती, विशीतली. मग ती गेटवरच्या वॉचमनकडे गेली. वॉचमन म्हणाला, "ओठाला टाके? तो त्या ट्रेलरचा ड्रायव्हर ना. रोज येतो. वॉर्डात जायची हिंमत होत नाही त्याची, जिन्यापर्यंत जातो नि परततो, मग मला विचारतो, पोरगी कशी आहे म्हणून."

मावशी वर आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "जावई ड्रायव्हरशी गुपचूप बोलतो, आणि माझ्याशी खोटं बोलतो. सेटल करतोय हा. माझ्या मुलीचा पाय विकतोय."

काका म्हणाले, "कुंदा, पुरे आता." पण त्यांच्याही आवाजात जोर नव्हता. संशयाचं असंच असतं. एकाला झाला की घरात तो सगळ्यांच्या ताटात वाढला जातो. मीही यज्ञेशकडे वेगळ्या नजरेनं बघायला लागले होते.

आणि गंधालीसुद्धा. तिला घरी आणल्यावर ती माहेरीच राहिली. नसलेल्या पायाला खाज यायची, तळव्याला मुंग्या यायच्या, जिथे तळवाच नव्हता तिथे. ती रडत नसे. पण यज्ञेश खोलीत आला की भिंतीकडे तोंड करायची. एकदा मी तिचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाली, "त्याला काय घाई होती गं? दोन मिनिटं थांबला असता. मला त्याचा चेहरा बघवत नाही." मावशी दारात उभी राहून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे होतं त्याला समाधान म्हणायला मला लाज वाटते, पण तसंच काहीतरी होतं.

ड्रायव्हरचं नाव काशीराम. भांडुपचा, मूळ कुडाळकडचा. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर काशीराम क्लीनर म्हणून ट्रकवर लागला आणि पुढे ड्रायव्हर झाला. अपघातानंतर तो पळाला नव्हता. खाली उतरला म्हणून लोकांच्या हाती सापडला. ओठ त्यातच फाटला होता. आता जामिनावर होता, लायसन पोलिसांकडे जमा, म्हणून मालकानं त्याला चेकनाक्याजवळच्या यार्डात राखणीला बसवलं होतं. ही सगळी माहिती मावशीनं पोलीस ठाण्यात खेटे घालून काढली. मला घेऊन ती यार्डात गेली.

भर दुपार होती. एका ओळीत ट्रेलर उभे होते, चाकं माझ्या छातीपर्यंत येत होती. काशीराम एका टायरवर बसून डबा खात होता. आम्हाला पाहून त्यानं डबा झाकला आणि उभा राहिला. मावशी कोण हे त्याला सांगावं लागलं नाही.

मावशीनं प्रस्तावना केली नाही. "माझ्या जावयानं तुम्हाला काय कबूल केलं?"

"कबूल?"

"हात जोडून काय सांगत होता तो?"

काशीराम म्हणाला, "बाई, माका कोणी काय दिला नाय आणि मी मागला पण नाय. त्यांनी एवढाच सांगितला, गाडी कोण चालवत व्हता ता परत बोलू नको."

"कोण चालवत होतं?"

"चेडू पुढे व्हता. घोव मागे."

मला कळायला एक क्षण लागला. मुलगी पुढे होती. नवरा मागे.

मावशी हसली. ऑफिसात एखादं बनावट बिल पुढे आलं की हसत असेल, तसं. "वा. म्हणजे आता दोष माझ्या मुलीचा. तुम्हाला सोयीचं."

"माका कसली सोय? पुढे कोण बसलेला, त्याच्यानं माझो गुन्हो कमी होता काय? मी पोलिसांका पयल्याच दिवशी सांगितलंय. ते म्हणाले, तिचा नवरा स्वतः म्हणतो मी चालवत होतो, तू शहाणपणा करू नको."

"आणि जबाबात तर तुम्ही म्हणता तुम्हाला स्कूटर दिसलीच नाही. न दिसलेल्या स्कूटरवर पुढे कोण होतं हे दिसलं?"

हा तिचा खास प्रश्न. माणूस इथे अडखळतो, असा तिचा अनुभव. काशीराम अडखळला नाही.

"सिग्नलला दिसली ना. माझ्या पुढे उभी व्हती, थोडी डावीकडे. सिग्नल सुटलो, ती जरा मागे रव्हली, मी पुढे जावन गाडी उजवीकडे घेतली. आमची गाडी एवढी लांब, डावीकडे वळायचा तर आधी उजवीकडे दाबूची लागता, नायतर मागचा चाक फुटपाथवर चढता. मी उजवीकडे गेलो की डावीकडे मोठी जागा दिसता. लोकांक वाटता, ट्रेलर सरळ चाललो, नायतर आमका वाट दिली. ते आत घुसतत. आणि घुसले की माझ्यासाठी गायब."

"गायब म्हणजे? आरसे कशाला असतात?"

काशीरामनं खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले. "चला. वर चढा."

मावशी चढली. मी मागून हात दिला, त्यानं वरून. ड्रायव्हरच्या सीटवर बसल्यावर ती खालून अगदी लहान दिसत होती. तो बाजूला उभा राहून मला म्हणाला, "ताई, तुमी फिरून डाव्या बाजूक जावा. दाराच्या खाली, पुढच्या चाकाजवळ उभ्या रव्हा."

मी जाऊन उभी राहिले. दाराची खिडकी माझ्या डोक्याच्या कितीतरी वर होती. वर फक्त पत्रा आणि आकाश.

"गार्गी!" मावशीचा आवाज आला. "उभी राहिलीस का?"

"हो."

"कुठे?"

"इथेच, दाराला टेकून."

"आरशात नाहीस तू." मग थोड्या वेळानं, "थोडी मागे सरक." मी सरकले. "अजून नाहीस." मी हात वर केला, हलवला. "गार्गी, चेष्टा करू नकोस, कुठे आहेस?"

"मावशी, मी हात हलवतेय!"

मग काशीराम बोलला, तो तिच्याशीच बोलत होता, पण मला ऐकू आलं. "एक आरसो नवीन गाड्यांक वर लावतत, खाली बघूचो. ह्या गाडीक नाय. मालकाक सांगितलेलंय. असतो तरी वळताना मी एका टायमाक किती आरशात बघू? पण माका सुटका नको, बाई. चाक माझा होता. माका आवाज आलो तेव्हा थांबलंय. आधी कायच कळला नाय. एवढा मोठा वजन असता, माणूस खाली इलो तरी गाडीक धक्कोसुद्धा लागत नाय."

मावशी खाली उतरली तेव्हा तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी वळ होता. रिक्षात बसल्यावर ती म्हणाली, "तू तिथे होतीस. तुझा आवाज येत होता. आणि तू नव्हतीस."

घरी यज्ञेश स्वयंपाकघरात गंधालीसाठी नाचणीचं सत्त्व ढवळत होता. मावशीनं गॅस बंद केला.

"गाडी ती चालवत होती."

त्याच्या हातातला चमचा तसाच राहिला. त्यानं आधी दाराकडे पाहिलं, गंधालीच्या खोलीकडे.

"हळू बोला, आई."

"का? का खोटं सांगितलंत तुम्ही?"

"तिला काही आठवत नाही," तो म्हणाला. "पाय नाही, आणि वर हे पण तिनं डोक्यावर घ्यायचं? मला शिव्या देईल, भिंतीकडे तोंड करेल, चालेल. पण ती स्वतःला कशी शिव्या देईल ते मला माहितीय."

"आणि तुम्ही मागे बसून काय करत होतात?"

या प्रश्नावर मात्र तो खाली बसला, तिथेच, लादीवर.

"फोनवर होतो. मढच्या पार्टीचा फोन होता, म्हणून तर तिला चालवायला दिली. डावीकडे जागा दिसली. मी म्हटलं, काढ ना, उशीर होतोय. तिनं काढली. चालवत ती होती. पण काढ म्हणालो ते मी. मग जबाबात 'मी' म्हणालो ते एवढं खोटं आहे का?"

म्हणजे मावशीचा संशय खराही निघाला आणि खोटाही. फोन होता. लपवाछपवी होती. पण ज्यासाठी ती त्याला गुन्हेगार ठरवत होती, त्यासाठी नव्हती. ती ओट्याला टेकून उभी राहिली. मला वाटलं, आता ती त्याला फैलावर घेईल. ती म्हणाली, "ऊठ. लादी गार आहे. हाड जुळायचंय अजून तुझं."

त्यानं मान वर करून पाहिलं. मीही.

पुढे काय करायचं यावर त्या घरात मोठी खडाजंगी झाली. यज्ञेश म्हणे, गंधालीला काही सांगायचं नाही. काका त्याच्या बाजूला गेले. मावशी एकटी पडली. ती म्हणाली, "खोट्या जबाबावर केस उभी आहे. तो माणूस खरं बोलला तर त्याला गप्प बसवलं. आणि आत ती मुलगी नवऱ्याचा द्वेष करतेय, न केलेल्या गोष्टीसाठी. किती दिवस चालेल हे? तुम्ही दोघं घटस्फोटाच्या दारात जाल आणि मी गप्प बसून बघू?"

"तुम्हाला तर तेच हवं होतं ना?" यज्ञेश एकदम बोलून गेला.

काका दचकले. मावशी मात्र चिडली नाही. "हो," ती म्हणाली, "होतं."

आणि उठून गंधालीच्या खोलीत गेली. दार उघडंच ठेवलं. तिनं सगळं सांगितलं, फोनसकट, 'काढ ना' सकट, आरशासकट. आवाज ऑफिसात रिपोर्ट वाचल्यासारखा. मध्येच एकदा फाटला, पण तिनं तो सावरला.

आम्हाला वाटलं होतं गंधाली रडेल. ती भडकली.

"तुम्ही सगळ्यांनी बसून ठरवलंत? मला काय झेपेल नि काय नाही? पाय गेलाय माझा, अक्कल नाही गेली!" तिनं उशी यज्ञेशच्या दिशेनं फेकली. "आणि तू! हिरो बनायला गेला होतास? मी रोज तुला मनात शिव्या घालत होते, रोज, आणि तू सत्त्व ढवळत होतास? बोलता नाही आलं तुला?"

"नाही आलं," यज्ञेश म्हणाला.

दोन दिवस ती कुणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी यज्ञेशला म्हणाली, "ड्रेसिंग नर्सपेक्षा तू बरं करतोस. ये." गोड वगैरे काही झालं नाही. ती स्वतःवरही रागावली, अगदी त्याला भीती होती तशीच. रात्र रात्र जागी राहायची, म्हणायची, मी का ऐकलं त्याचं, माझे हात होते हँडलवर. पण आता दोघं एकमेकांशी भांडत होते. आधी एकजण भिंतीशी भांडत होतं.

यज्ञेशनं पोलिसांकडे जाऊन पुरवणी जबाब दिला. तिथे त्याला भरपूर ऐकून घ्यावं लागलं. खोटा जबाब दिल्याबद्दल त्याच्यावर काय होईल ते वकिलांनाही नक्की सांगता आलं नाही. केस अजून उभी आहे. काशीरामचं लायसन अजून परत मिळालेलं नाही आणि त्याला ते हवंय की नाही हेही कळत नाही. मावशी प्रत्येक तारखेला कोर्टात जाते. आपल्या वकिलावर तिचा विश्वास नाही, समोरच्या वकिलावर तर नाहीच. ट्रेलरच्या मालकानं तो खाली बघायचा आरसा बसवला का, हे पाहायला ती मध्यंतरी यार्डात पुन्हा जाऊन आली. बसवला होता. तिनं काशीरामला वर चढवलं, स्वतः खाली उभी राहिली आणि दिसतेय का ते ओरडून विचारलं. "डोक्या दिसता, बाई!" तो ओरडला.

गंधाली आता कृत्रिम पायावर चालते. पाय नवा होता तेव्हा उरलेल्या पायाचं टोक सोलून निघायचं, आता कातडी निबर झालीय. ऐरोलीला बसनं जाते. सिग्नलला एखादी स्कूटर ट्रकच्या डावीकडे जाऊन उभी राहिली की बसच्या खिडकीतून ओरडते, "ओ दादा, मागे व्हा, त्याला दिसत नाही तुम्ही!" काही मागे होतात. बरेचसे हिच्याकडे वेड्यासारखे बघतात.

काशीरामला भेटायचं तिच्याच मनात आलं. तो बायकोला, वनमालाला, घेऊन मावशीकडे आला. दोघं सोफ्याच्या अगदी कडेवर बसली. वनमालानं घरचं कोकमाचं आगळ आणलं होतं. काशीरामनं माफी मागायला सुरुवात केली, तर गंधालीनं त्याला थांबवलं.

"मला तो दिवस आठवत नाही," ती म्हणाली. "सकाळपासूनचा. तुम्ही मला सिग्नलला पाहिलंत म्हणे. कशी होते मी?"

काशीराम गोंधळला. बायकोकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मागच्यान काय तरी सांगितल्यान," तो म्हणाला, "आणि तू मागे वळान हसलंस. मोठ्यान. माका वर केबिनीत ऐकूक आला नाय, पण दिसला."

गंधाली यज्ञेशकडे बघायला लागली. "काय सांगितलं होतंस?"

"मला नाही आठवत," यज्ञेश म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

मी मावशीकडे पाहिलं. सिग्नलला मागून, एवढ्या उंचावरून, हेल्मेट घातलेल्या मुलीचं हसू दिसतं का, हा प्रश्न माझ्यासारखीला पडला होता, तर तिला पडला नसेल असं होणं शक्यच नव्हतं. तिनं तोंड उघडलंही होतं. मग वनमालाला म्हणाली, "आगळात साखर किती घालायची गं? आत ये, दाखव मला," आणि दोघी स्वयंपाकघरात गेल्या.